पाणी न धरणारी माती

हरेश्वर म्हात्र्यांचे गणपती बुडाले पण विरघळले नाहीत, ही बातमी सगळ्यांत आधी तळ्यातल्या माशांना कळली. माणसांना कळायला त्यानंतर अकरा दिवस लागले आणि सरकारला आठ महिने. वडखारीत या क्रमाचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

वडखारी हे खाडीपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. घरं दोनशे, गणपतीचे कारखाने चाळीस. कारखाना म्हणजे धुराडं वगैरे काही नाही. पत्र्याची लांबट शेड, फळ्यांवर ओळीने बसलेले गजानन, आणि दिवसभर कुणी ऐकत नसलेला रेडिओ. साल दोन हजार एक्केचाळीस. प्लास्टरच्या मूर्तींवरची बंदी तोवर तीनदा उठून चौथ्यांदा लागली होती, त्यामुळे गावात पुन्हा शाडूच चालत होता. गुजरातेतून पोत्यांनी येणारा, पांढरट, पाण्यात सोडला की तासाभरात मुकाट्याने चिखल होणारा शाडू.

या चाळीस कारखान्यांपैकी निम्मे हरेश्वर म्हात्र्यांच्या हाताखाली शिकून निघालेल्यांचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. वय सहासष्ट, बोलणं कमी, आणि ते कमी असलेलंही बहुतेक मातीशी. शिकवायची त्यांची पद्धत अशी की ते शिकवत नसत. शिकणाऱ्याचा हात आपल्या हातात धरून मातीत घालत. माती बरोबर झाली की मान हलवत. नाही झाली की हात काढून घेत. यात कुणाकुणाची दहा वर्षं गेली होती.

आबांच्या घराची एक चाल होती. हंगाम संपला की त्या वर्षीच्या मातीतला नारळाएवढा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्याच्या घंगाळात ठेवायचा, आणि पुढच्या वर्षीची पहिली माती भिजवताना तो तिच्यात कालवायचा. दुधाला विरजण लावावं तसा. याला ते मुरवण म्हणत. आबांच्या पणज्यापासून ती चालत आलेली. चेला स्वतःचा कारखाना काढायला निघाला की त्याला मुरवणीतला अर्धा गोळा मिळायचा. सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरावी तसा, आणि तितक्याच रडारडीने. शिवाय विसर्जनानंतर गावच्या तळ्यातला गाळ वर काढून चाळीसही कारखान्यांत सारखा वाटला जाई. एकूण काय, वडखारीची माती ही सगळ्यांची सोयरी होती.

आबांची मुलगी चित्रा बारावीला असताना म्हणाली होती की मुरवणीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीही नाही, नुसती सवय आहे. आबा म्हणाले होते, सवय म्हणजे काय कमी आहे का. पुढे चित्रा रसायनशास्त्रातच शिकली आणि तासाभरावरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे ती जे बनवत होती त्याचं नाव ‘अलिप्त’ असं ठेवण्यात आलं होतं. नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत असावं.

त्या वर्षी श्रावणात दमटपणा असा झाला की रंगवून ठेवलेल्या मूर्तींना फोड आले. आबांच्या तीनशे मूर्तींपैकी एकशे दहा गेल्या. कुणाची सोंड कांजण्या झाल्यासारखी, कुणाचं पोट सोललेलं. आबांनी त्या सगळ्या पुन्हा टपात टाकल्या आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या चैत्रात चित्रा पाच लिटरचा एक निळा डबा घेऊन घरी आली.

डबा प्रयोगासाठीचा होता, बाहेर न्यायला परवानगी नव्हती, आणि तो तिने नेला होता. तेवढा एक नियम तिने आयुष्यात मोडला. बापासाठी मोडला, म्हणून तो तिला नियम मोडल्यासारखा वाटलाही नाही.

तिने स्वयंपाकघरात बसून आईबापाला समजावलं. पाण्याच्या रेणूत तीन भावंडं असतात, ती म्हणाली. एक थोरला, ऑक्सिजन. दोन धाकटे, हायड्रोजन. तिघांत मिळून पांघरायला एकच गोधडी, ती म्हणजे इलेक्ट्रॉन. थोरला गोधडी आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या अंगावर किंचित ऋण भार, आणि उघड्या पडलेल्या धाकट्यांवर किंचित धन. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. मग उघडा पडलेला धाकटा शेजारच्या घरातल्या थोरल्याच्या गोधडीत शिरायला बघतो. एका रेणूची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूला बिलगते, आणि पाणी पाण्याला धरून राहतं. मातीचे कण म्हणजे पत्त्यांसारखे पातळ पापुद्रे. त्यांच्या अंगावरही असेच भार. पाणी दोन पापुद्र्यांमध्ये शिरतं, एका हाताने याला धरतं, दुसऱ्या हाताने त्याला. पापुद्रे सरकतात, पण सुटत नाहीत. मातीला आकार येतो तो एवढ्यावरच.

तेलाच्या रेणूत मात्र गोधडीची वाटणी सारखी. उघडं कुणीच नाही, म्हणून कुणाला कुणाची ओढ नाही. असलीच तर क्षणापुरती, एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशांइतकी.

“आपल्या घरात गोधडी कोण ओढतं ते मला ठाऊक आहे,” चित्राची आई शेवंता आबांकडे न बघता म्हणाली.

अलिप्तचा रेणू होता दोन टोकांचा. एका टोकाला घट्ट पकड, ती पृष्ठभागावर बसायची. दुसऱ्या टोकाला तेलासारखी लांब शेपटी, ती बाहेर राहायची. एकदा लावलं की वस्तूच्या अंगावर नुसतं शेपट्यांचं रान. पाण्याला धरायला काहीच सापडत नाही. ते थेंब होऊन घरंगळतं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यात आणखी एक गुण घातला होता. ओरखडा पडला की आजूबाजूचे रेणू आपण होऊन सरकत आणि ती जागा भरून काढत. उघडी जागा दिसली की तिकडे जायचं, एवढं त्यांना शिकवून झालं होतं. थांबायचं कुठे, हे शिकवण्याची तरतूद पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात होती.

चित्राने तीनदा बजावलं की हे फक्त रंग सुकल्यावर वरून, अगदी विरळ फवारायचं. आबांनी तीनदा मान हलवली.

पण त्या कारखान्यात वरून लावलेल्या गोष्टीला कधीच मान नव्हता. आबांचे आजोबा म्हणत, देवाला जे द्यायचं ते पोटातून द्यावं. वरून चोपडतात ते नाटकातल्या राजाला. डिंक असो, कापूस असो, जे काही घालायचं ते माती भिजवतानाच घालायचं. चार पिढ्यांचा हा नियम. त्यापुढे मुलीचं तीनदा बजावणं म्हणजे तीन वाक्यं. चित्रा सोमवारी कामावर गेली आणि आबांनी मंगळवारी, मुहूर्त बघून, अख्खा डबा मातीच्या हौदात ओतला. वर मुरवण कालवली.

माती अशी झाली की आबांनी आयुष्यात तशी माती पाहिली नव्हती. लोण्यासारखी. तडा नाही, फोड नाही. अलिप्तची पकड बसते ती माती एकदा पूर्ण वाळल्यावर, हे आबांना माहीत नव्हतं. ओली होती तोवर ती सोन्यासारखी वागली. आबा इतके खूश झाले की त्यांनी त्या वर्षी तीन चेल्यांना मुरवण दिली आणि शेजारपाजारच्या कारखान्यांना बादलीबादलीने माती वाटली. श्रावणात बाकीचं गाव दमटपणाने रडत असताना आबांच्या मूर्ती कोरड्या, लखलखीत बसून होत्या. चित्रा बघायला आली तेव्हा त्यांनी फवारा फार छान लागू पडल्याचं सांगितलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. बारीकसारीक सांगायचं नव्हतं, इतकंच.

मग अनंत चतुर्दशी झाली, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी गाळ काढायला तळ्यात उतरलेला माणूस ओरडत वर आला.

तळाशी सव्वातीनशे गणपती बसले होते. जसे सोडले तसे. डोळ्यांची आखणी शाबूत, पितांबराची जर शाबूत, मोदकाचा हात तस्साच पुढे केलेला. मासे त्यांच्या कानांमधून येजा करत होते. दोन दिवस लोकांनी चमत्कार म्हणून रांगा लावल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मूर्ती फोडून टपात घातली, तर चुरा पाण्यावर पिठासारखा तरंगत राहिला. ज्या देवाला निरोप दिला तो गेलाच नाही, यात आनंद मानायचा की दुखवटा, यावर ग्रामपंचायतीत मतभेद झाले. गाळ मात्र रिवाजाप्रमाणे काढला आणि चाळीस कारखान्यांत वाटला. रिवाजाबद्दल मतभेद नव्हते.

चित्रा त्या रविवारी आली. कारखान्यात गेली, सुक्या मातीचं एक ढेकूळ उचललं आणि त्यावर चमच्याने पाणी सोडलं. पाणी मण्यासारखं गोल झालं, ढेकळावरून घरंगळलं आणि जमिनीवर पडलं. जमिनीवरही ते मण्यासारखंच राहिलं. मग तिने आबांचा तळहात उलटा करून त्यावर एक थेंब सोडला. तोही गोल बसून राहिला.

“आबा, डबा कुठे ओतलात?”

आबांनी हौदाकडे बघितलं.

 मग तिने हळू आवाजात हिशोब मांडला. हा थर एका रेणूच्या जाडीचा असतो. पाच लिटर म्हणजे बाराशे एकर झाकतील. साबणाने निघत नाही, उन्हाने जात नाही. भट्टीत पाचशे-सहाशे अंशांवर भाजलं तर शेपट्या जळतात. पण मग ती माती राहत नाही, वीट होते. आज ही गोष्ट एक तळं, एक हौद आणि काही पिंपं एवढीच आहे. गावाला सांगितलं, सगळी माती गोळा करून भट्टीला लावली, तर महिन्याभरात आटोपेल.

“मुरवण पण?” आबांनी विचारलं.

“मुरवण पण.”

आबांनी घंगाळाकडे पाहिलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं. “सांगितलं तर डबा कुणी आणला ते विचारतील. तुझं नाव येईल?”

“येईल. नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल.” आणि मग ती म्हणाली, “पण हौदात कुणी ओतलं तेही विचारतील.”

एवढंच बोलणं झालं. कुणी कुणाला गप्प राहा म्हणालं नाही. आबा गप्प राहिले ते मुलीचं नाव येऊ नये म्हणून. चित्रा गप्प राहिली ती चाळीस कारखान्यांनी बापाच्या दारात येऊ नये म्हणून. दोघांनीही आपण दुसऱ्याला वाचवतोय असं मानलं. शेवंताने दोघांना वरणभात वाढला आणि भात आज पातेल्याला अजिबात लागला नाही, असं कौतुकाने म्हणाली.

अलिप्त त्या काळात गप्प नव्हता. तो उघडी जागा शोधत होता.

माघात नव्या हंगामाची माती भिजवायला घेतली, तेव्हा एकोणचाळीस कारखान्यांत रिवाजाप्रमाणे जुना गाळ नव्या मातीत मिसळला गेला. आबांनी आपला हौद कोरडाच ठेवला आणि पाठदुखीचं निमित्त सांगितलं. पंधरा दिवसांत गावातला एकही गोळा गोळा राहिना. पाणी घातलं की पाणी बाजूला, माती बाजूला. नवराबायकोनं अबोला धरावा तसं. जोर लावून मळलं तर माती बोटांतून भुरभुर सांडे. शेडच्या भिंतीचा गिलावा सुटायला लागला. चैत्रात शिंपडलेलं पाणी अंगणात मुरेना. वांग्याच्या रोपांना पाणी घालावं, तर ते वाफ्यावरून पाऱ्यासारखं धावत रस्त्यावर जाई आणि रोपं पाण्याच्या शेजारी उभी राहून सुकत. शेवंताने सकाळी लावलेलं कुंकू दुपारपर्यंत पदरावर पडलेलं असे. ती पुन्हा लावी. चौथ्यांदा पडलं तेव्हा तिने करंडा बंद करून फळीवर ठेवला आणि आबांना म्हणाली, तुम्ही समोर जिवंत बसला आहात म्हणून बरं.

गावाने कारण शोधलं. गाव कारण नेहमी शोधतं, आणि शक्यतो बाहेरगावचं शोधतं. गुजरातेतून शाडू आणणारा व्यापारी जिग्नेशभाई गेली वीस वर्षं वडखारीला येत होता. गावातल्या लग्नांना जेवत होता. त्याने भेसळ केली असं ठरलं. सभेला अध्यक्ष म्हणून आबाच बसले होते, कारण सभेला अध्यक्ष म्हणून आबाच बसत. जिग्नेशभाईने मूठभर नवी माती सगळ्यांसमोर पेल्यातल्या पाण्यात टाकली. ती व्यवस्थित भिजली. पण सभा शांत असती तर ते कुणी बघितलं असतं. त्याने शेवटी आबांकडे तोंड केलं.

“आबा, तमे तो माती ओळखता. तुम्हीच सांगा.”

आबांनी पेल्यात बघितलं. माती चांगली होती. त्यांच्या ओठांवर वाक्य आलं होतं, असं ते पुढे शेवंताला म्हणाले. पण त्याच वेळी मागच्या रांगेत चित्रा दिसली, आणि वाक्य परत गेलं. ते खाली बघून म्हणाले, “तपासून घेऊ.”

तेवढं पुरलं. ट्रक गावाच्या वेशीवरून परत गेला. जाताना जिग्नेशभाईने आबांना नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला.

चित्राने दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन सगळं सांगून टाकलं. आठ महिने उशीर झाला होता. कंपनीने तिला काढलं आणि मग ती तिथे कधी होती असंच आठवत नसल्याचं कळवलं. सरकारने समिती नेमली. समिती आली, तिने तळ्याची पाहणी केली, तिच्या बुटांवरून अलिप्त पुढच्या तालुक्यात गेला. अहवालात म्हटलं होतं की परिस्थिती नियंत्रणात आहे आणि पसरत आहे. आबांनी देवळासमोर उभं राहून गावाला खरं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, दगड येतील. दगड आले नाहीत. लोक ऐकून घेऊन आपापल्या घरी गेले. त्यांचाच एक चेला जाताना इतकंच म्हणाला, “आबा, भादव्यात सांगितलं असतंत तर एका भट्टीचं काम होतं.”

त्यानंतर गावात त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. म्हणजे कुणी बोललंच नाही.

मे अखेरीस चित्राने हिशोबाचा कागद पुढे ठेवला. आबांच्या मुरवणीतून निघालेल्या बावीस कारखान्यांपैकी एकवीस गेले होते. एक राहिला होता. भालचंद्र सावंत, कुडाळपासून आत, डोंगराच्या कुशीतलं एक गाव. तो बारा वर्षांपूर्वी मुरवण घेऊन गेला होता, निळ्या डब्याच्या फार आधी. तिकडे तो एकटाच काम करायचा. रंग बायको द्यायची, मातीला तिने कधी हात लावला नव्हता. आबांच्या पणज्याच्या हातची माती आता फक्त त्याच्याकडे होती. आणि आबांची विद्याही, कारण बाकीच्या एकविसांच्या हातात आता माती ठरतच नव्हती.

चित्राने त्याला फोन करून सांगितलं होतं की वडखारीहून कुणी आलं तर आत घेऊ नको, कशाला शिवू देऊ नको. भालचंद्र हसला होता. म्हणाला, चित्राताई, आबांच्या गावच्या माणसाला दार लावायचं म्हणजे आबांनी स्वतः सांगायला हवं. मग आबांनी फोन लावला. पाऊसपाण्याची चौकशी केली, मुलांची केली, काजूची केली, आणि ठेवून दिला.

“आबा, तुम्ही सांगितलंच नाही,” चित्रा म्हणाली.

“असल्या गोष्टी फोनवर सांगतात होय? ज्याच्या हातात मी गोळा ठेवला, त्याच्या समोर उभं राहून सांगायला नको? जाऊन येतो.”

चित्राने पुष्कळ समजावलं, ओरडली, रडली. अश्रू गालांवरून मण्यांसारखे टपटपले, एकाचीही ओल मागे राहिली नाही. शेवटी तिने नवे रबरी हातमोजे आणले, नवे पायमोजे, नवे कॅनव्हासचे बूट. ते सगळं कारखान्यापासून दूर, रस्त्यावर उभं राहून आबांच्या अंगावर चढवलं. बजावलं, यातलं काहीही काढायचं नाही. फाटकापासून वीस पावलांवर उभं राहायचं, तिथूनच सांगायचं, आणि परत फिरायचं. या वेळी तिने पाच वेळा बजावलं.

महामार्ग तोवर पूर्ण झाल्याचं जाहीर झालेलं होतं, म्हणून कुडाळला पोचायला अकरा तास लागले. आबा सबंध वाट एसटीत हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. कुणाला धक्का लागू दिला नाही. पोटात अन्नही घातलं नाही; खायचं तर हातमोजे काढायला हवेत.

भालचंद्राचं घर सकाळच्या उन्हात बसलं होतं. पडवीला लागून मांडव, मांडवात फळ्यांवर कच्च्या मूर्तींची रांग, आणि मधे ओल्या गोणपाटाखाली मातीचा मोठा ढीग. आबा फाटकापासून वीस पावलांवर थांबले. आणि तिथूनच त्यांना वास आला. ओल्या शाडूचा. वर्षभरात तो वास त्यांना कुठे आला नव्हता. समोर ओळीने गणपती बसले होते, अजून डोळे न आखलेले, आणि ते आपल्याकडेच तोंड करून आहेत असं आबांना वाटलं.

उभ्या आयुष्यात आबा देवासमोर पायताण घालून कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी वाकून बूट काढले, पायमोजे काढले, ते नीट घडी करून बुटांत ठेवले, आणि मग हात जोडायचे म्हणून हातमोजेही. यातली एकही गोष्ट त्यांनी ठरवून केली नाही.

“भालचंद्रा,” त्यांनी हाक मारली. “तिथंच थांब. मला एक सांगायचंय.”

भालचंद्र मातीच्या हातांनीच बाहेर आला. बारा वर्षांत गुरू पहिल्यांदा त्याच्या दारात आले होते, आणि रस्त्यावर, अनवाणी, हात जोडून उभे होते. कुठलाही शिष्य थांबला असता असं वाटत नाही. “आबा, असे रस्त्यार कित्याक उभे रवलात? येवा, आत येवा,” असं म्हणत तो धावत आला आणि आबांचा शब्द पुरा व्हायच्या आत पायांवर पडला. दोन्ही हातांनी पाय धरून, वर कपाळ टेकून.

आबा सांगत होते. निळा डबा, हौद, तळं, जिग्नेशभाई, सगळं. सांगायला आले होते ते त्यांनी एका दमात, एकही गोष्ट न वगळता सांगितलं. भालचंद्र पायाशी बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने हात उचलले. त्याच्या बोटांची ओली माती आबांच्या पायांना लागली होती. ती हळूहळू पापुद्रा होऊन सुटली आणि धुळीत पडली. पाय स्वच्छ, कोरडे. भालचंद्राने आपले तळहात बघितले. तिथलीही माती कडांपासून सुटत होती.

त्याने आबांना दोष दिला नाही. तो उठला, फाटकाबाहेरच दगडावर बसला आणि हात अंगापासून लांब धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग घराकडे तोंड करून म्हणाला, “वंदना, बाहेर येऊ नको. मीही आत यायचा नाही.”

वंदना, त्याची बायको, मांडवात आली. रंगाची वाटी तिच्या हातात होती. भालचंद्राने तिला सगळं दोन-तीन वाक्यांत सांगितलं. तिने त्या दोघांकडे पाहिलं. मग गोणपाटाकडे बघत म्हणाली, “मातीवरचं पाणी उडतंय. पाणी कोणी घालायचं?”

तिने रंगाची वाटी फळीवर ठेवली.

“मी घालते,” ती म्हणाली. “मला सांगा कसं मळायचं ते. आबा, तुम्ही सांगा.”

आबा पुढे सरकले, आणि थांबले. वंदनाने गोणपाट बाजूला केलं होतं. ओली, करडी, चार पिढ्यांची माती उन्हात चकाकत होती.

“आधी थोडं पाणी घे,” ते म्हणाले.

“किती थोडं?”

आबांनी तोंड उघडलं. ओंजळभर म्हणावं, तर ते पावसाळ्यातलं. उन्हाळ्यात तेवढं पुरत नाही. किती, ते बोटांना कळतं. त्यांनी हवेत बोटं चोळून दाखवली. वंदनाने हवेत तशीच बोटं चोळली आणि त्यांच्याकडे बघितलं.

“माती मऊ झाली की थांब.”

“किती मऊ?”

“म्हणजे,” आबा म्हणाले, “ती मग तुला धरते. तू तिला नाही. तशी.”

वंदनाने मातीत हात घातला, दाबलं, आणि विचारलं, “अशी?”

वीस पावलांवरून आबांना माती दिसत होती, पण माती नुसती बघून कळत नाही. पन्नास वर्षांत त्यांनी कुणालाही हे तोंडाने सांगितलं नव्हतं. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे झाला, तिचा हात धरून मातीत घालायला, आणि हवेतच राहिला. त्यांनी भालचंद्राकडे पाहिलं. भालचंद्रही शब्द शोधत होता. त्यालाही हातानेच शिकवलं होतं.

“अशी का, आबा?” तिने पुन्हा विचारलं.

आबांनी पुन्हा सुरुवात केली. “आधी थोडं पाणी घे,” ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना येईना.